पीएसएचा ‘पॉप रिपोर्ट’ नेमकं काय मोजतो?

अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांच्या बाजारात ‘हे कार्ड दुर्मिळ आहे’ याचा पुरावा म्हणून हमखास पुढे येतो तो पीएसए या ग्रेडिंग कंपनीचा पॉप्युलेशन रिपोर्ट. कुठल्या कार्डाला १० पैकी कोणता ग्रेड किती वेळा मिळाला, याचा तक्ता. दिसायला अगदी जनगणनाच! पण नावावर जाऊ नका.

मुळात कार्ड पाठवतं कोण? ग्रेडिंगला पैसे पडतात, म्हणून नवी कार्डं पाठवताना लोक १० मिळण्याजोगीच निवडतात. म्हणजे नमुना आधीच चाळून आलेला. त्यावरून ‘या संचातली इतके टक्के कार्डं निर्दोष छापली गेली’ असं म्हणता येत नाही. दुसरी गोम अजून भारी: ९ मिळाला की काही जण सीलबंद प्लास्टिकची पेटी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात. जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही, तर एकच कार्ड तक्त्यात दोनदा. तक्ता मोजतो ग्रेडिंग. आपण वाचतो कार्डं.

क्रमांक छापलेल्या कार्डांचं वेगळं. माइक ट्राउटचं २००९ चं बोमन क्रोम सुपरफ्रॅक्टर १/१ आहे. छेद कार्डावरच लिहिलाय. २०२० मध्ये ते सुमारे ३९ लाख डॉलरना गेलं, आणि ग्रेड होता बेकेटचा ९! जोडीला दुसरं कार्डच नाही, मग १० हवा कशाला?

बिनक्रमांकाच्या साध्या रुकी कार्डांवर मात्र किती छापली ते लिहिलेलं नसतं. मग लोक पॉप रिपोर्टमधलीच बेरीज छेदात टाकतात आणि टक्केवारी काढून मोकळे होतात.