पुढचे रशियन पुस्तक कोणते? टॉल्स्टॉयची जमीन आणि चेखोवची आंबट फळे

बेडशाच्या या बैठकीला पाऊस असूनही इतके जण आलात, बरे वाटले. मागच्या महिन्यात आपल्या वाचनमंडळाने टॉल्स्टॉयचे 'इवान इलिचचा मृत्यू' संपवले. शेवटच्या बैठकीत दोघांचे डोळे भरून आले, एकजण उठून बाहेर ओसरीवर जाऊन उभे राहिले. आता पुढचे रशियन पुस्तक कोणते घ्यायचे, यावर बोला असे आम्हाला सांगितले आहे. आम्ही बोलतो, पण आधी एक तक्रार. त्या पुस्तकावर एकही भांडण झाले नाही. चार बैठका झाल्या आणि सगळे सगळ्याला हो म्हणाले. मरण सर्वांना आहे, यावर कोण कशाला वाद घालील? तेव्हा पुढचे पुस्तक असे हवे की ज्यावर या खोलीत एकमत होणार नाही. आमची निवडीची कसोटी एवढीच आहे.

चार नावे आली आहेत. पहिले 'कारामाझोव बंधू'. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही त्यातले धर्मपीठाच्या महान्यायाधीशाचे प्रकरण वर्षानुवर्षे शिकवले. खरे सांगायचे तर शिकवून त्याचे वाटोळे केले. मुले तेवढे एक प्रकरण वाचत, त्यावर वीस गुणांचे उत्तर लिहीत, आणि ते सांगणारा इवान कोण, ऐकणारा अल्योशा कोण, याचा त्यांना पत्ता नसे. ती कादंबरी वाचायची तर सबंध वाचायची. आपल्या मंडळाची चाल पाहता एक वर्ष लागेल आणि सहाव्या महिन्यात आम्ही तिघेच उरू. नको.

दुसरे नाव गंमतीचे आहे आणि त्याच्यावर आमचा जीव आहे. त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन. पंधराव्या शतकात, 1470 च्या आसपास, हा माणूस समुद्रमार्गे चौलला उतरला, तिथून पाली, मग घाट चढून जुन्नर. म्हणजे आपल्या शेजारून गेला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरपर्यंत तो घोडा आणायला शंभर रूबल खर्च आला, हे त्याने लिहून ठेवले आहे. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल तर परत देतो म्हणाला. शेवटी एका खोरासानी मुसलमानानेच रदबदली करून घोडा सोडवला. रशियन साहित्यात महाराष्ट्राचा पाऊस, चिखल, पेरणी पहिल्यांदा आली ती या वहीत. पण ते प्रवासवर्णन आहे, अर्ध्या बैठकीत संपेल. एखाद्या दिवाळीत फराळाबरोबर वाचू.

उरली दोन. एक, टॉल्स्टॉयची 'माणसाला किती जमीन लागते?' ही 1886 ची गोष्ट. 'इवान इलिच'ही त्याच सालचे. दुसरी, चेखोवची 'गूजबेरी' ही 1898 ची कथा. बहुतेकांचे मत टॉल्स्टॉयच्या बाजूने आहे. कारण उघड आहे. मावळात बसून जमिनीची गोष्ट वाचायची नाही तर कशाची? शेजारच्या मुळशीत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी 1921 साली सत्याग्रह झाला. आणि 9 ऑगस्ट 2011 ला पवनेचे पाणी बंद नळातून नेण्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तिघे गेले. त्या दिवसाच्या आठवणी इथल्या घरांत अजून ताज्या आहेत. जमीन नि पाणी हे आपल्याकडे चर्चेचे विषय नव्हेत, ती जखम आहे.

तरीही आमचे मत टॉल्स्टॉयच्या विरुद्ध आहे. का, ते सांगतो.

पाखोम नावाचा शेतकरी. जमीन भरपूर असेल तर सैतानालाही भीत नाही, असे तो मनाशी म्हणतो आणि सैतान ते ऐकतो. मग तो जमीन घेत जातो, आणखी घेत जातो, शेवटी बाश्कीर लोकांकडे पोचतो. तिथे भाव एकच: हजार रूबल द्या, सूर्योदयापासून चालायला लागा, सूर्यास्तापूर्वी निघालेल्या जागी परत या. जेवढे चालाल तेवढे तुमचे. तो हाव धरून लांब जातो, धावत परत येतो, पोचतो आणि मरतो. डोक्यापासून टाचेपर्यंत मावेल एवढीच जमीन त्याला लागली.

चोख गोष्ट आहे. पण तिची जात ओळखा. आपल्याकडे महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ' आहे. त्यात आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या दृष्टान्ताचा अर्थ कुठे लावायचा ते. टॉल्स्टॉयच्या गोष्टीत ही तिन्ही अंगे शिजवून वाढलेली आहेत. सूत्र तर शीर्षकातच आहे. ऐकणाऱ्याने मान डोलवायची. आणि देहूच्या शेजारी राहणाऱ्यांना हे सूत्र नवे आहे का? तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा इथल्या पोराला शाळेत जाण्याआधी ठाऊक असते.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. पाखोम शेतकरी आहे. आपल्या मंडळात निम्मे लोक गावचे, निम्मे पुण्या-मुंबईहून येऊन बंगला बांधलेले. आम्हीही त्यातलेच, निवृत्तीनंतर दहा गुंठ्यांत येऊन राहिलो. आता आम्ही बंगलेवाल्यांनी गावकऱ्यांच्या शेजारी बसून हावरट शेतकऱ्याची गोष्ट वाचायची आणि उसासा टाकायचा? (हशा.) हसू नका. भाव वाढले तसे गावचे लोक जमिनीच्या पैशापायी बिघडले, असे आमच्या बाजूला चहा पिताना फार बोलले जाते. टॉल्स्टॉयचा तो हेतू नाही. तो स्वतः जमीनदार होता आणि ते त्याला आयुष्यभर टोचत राहिले. पण पुस्तक कुठे, कोण, कुणाबरोबर वाचतो यावर त्याचा बाण कुणाकडे वळतो ते ठरते. या खोलीत तो चुकीच्या माणसाकडे वळेल.

चेखोवचा बाण आमच्याकडे वळतो. निकोलाय इवानिच हा सरकारी खजिन्यातला कारकून. लहानपण खेड्यात गेलेले. एकच स्वप्न: एक छोटी इस्टेट, नदीकाठी, आणि तिच्यात गूजबेरीची झुडपे. जमिनीच्या जाहिराती तो पोथीसारख्या वाचतो, कागदावर नकाशे काढतो: इथे घर, इथे नोकरांच्या खोल्या, इथे भाजीचा वाफा, इथे गूजबेरी. अर्धपोटी राहून पैसा साठवतो. पैशासाठी एका वयस्क विधवेशी लग्न करतो, तिलाही अर्धपोटी ठेवतो, आणि तीन वर्षांत ती मरते. मग दलालामार्फत तो एकशे बारा देसियातिना जमीन घेतो. आपल्या हिशेबात सुमारे तीनशे एकर, बारा हजार गुंठे. त्यात फळबाग नाही, गूजबेरी नाही. नदी आहे, पण एका अंगाला विटांचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला हाडे जाळण्याचा, त्यामुळे पाणी कॉफीच्या रंगाचे. साहेब डगमगत नाहीत. वीस झुडपे मागवतात, लावतात, आणि जमीनदार म्हणून राहू लागतात. गावाशी आणि दोन्ही कारखान्यांशी दावे मांडतात, शेतकऱ्यांनी 'सरकार' म्हटले नाही तर रागावतात. आजोबा मात्र स्वतः शेतकरी होते.

पहिली फळे येतात. कडक आणि आंबट. हा माणूस रात्री उठून उठून एकेक खातो आणि धन्य होतो.

इथे आम्हाला एक कबुली द्यावी लागते. आमच्या दहा गुंठ्यांत केशरची कलमे लावली. तिसऱ्या वर्षी पाच आंबे लागले. पाखरे नेतील म्हणून घाईने उतरवले, पेंढ्यात घातले, ते नीट पिकलेच नाहीत. त्यातला एक आम्ही शेजाऱ्यांना कापून दिला आणि 'घरचा आंबा आहे, बघा चव' असे म्हणालो. तेही भले लोक, 'वा' म्हणाले. चेखोव वाचताना तो आंबा दातांखाली येतो.

त्या फळाला मराठीत काय म्हणायचे हाही प्रश्न आहे. बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचणार आणि जाता जाता मराठीत सांगणार, तेव्हा शब्द लागेलच. 'आवळा' म्हटले की मोरावळा आठवतो आणि औषध. 'रसभरी' म्हणजे भलतेच गोड फळ. आमच्या मनात करवंद होते. कच्चे असताना आंबट, चिकाळ, काटेरी जाळी, सगळे जुळते. पण करवंदासाठी मावळात कुणी जमीन घेत नाही. ती डोंगरावर फुकट आहेत, वैशाखात बाया द्रोणात घालून रस्त्याकडेला विकायला बसतात. चेखोवच्या कथेतली गोम अशी की तेच आंबट फळ 'माझे' झाल्यावर गोड लागते. करवंद म्हटले की हे 'माझे' निसटते. तेव्हा गूजबेरीला गूजबेरीच म्हणावे.

कथेची दुसरी बाजू मात्र अधिक महत्त्वाची आहे, आणि ती वाचक पटकन चुकवतात. ही हकीकत सांगणारा निकोलायचा भाऊ, इवान इवानिच, जनावरांचा डॉक्टर. तो आणि बुर्किन नावाचा शिक्षक पावसात भिजत, चिखल तुडवत अल्योहिनच्या घरी येतात. अल्योहिन हाही जमीनदार, पण मळणीच्या धुळीने काळा झालेला. तो अंघोळीला उतरतो तेव्हा भोवतीचे पाणी आधी तपकिरी, मग शाईसारखे होते. नंतर सगळे वरच्या दिवाणखान्यात मऊ खुर्च्यांत बसतात, देखणी मोलकरीण चहा आणते, आणि इवान इवानिच सुखी माणसांविरुद्ध तळमळून बोलतो. प्रत्येक सुखी माणसाच्या दाराआड कुणीतरी हातोडी घेऊन उभे राहायला हवे, बाहेर दुःखी माणसे आहेत याची आठवण द्यायला, असे तो म्हणतो. टॉल्स्टॉयलाही तो नाव न घेता उत्तर देतो: तेवढी जमीन प्रेताला पुरते, माणसाला सबंध पृथ्वी लागते.

अनेकजण हे चेखोवचे भाषण समजून टाळ्या वाजवतात. पण ऐकणाऱ्या दोघांची काय अवस्था आहे पाहा. त्यांचे समाधान होत नाही. गरीब कारकुनाची गोष्ट ऐकायला त्यांना कंटाळा येतो. अल्योहिनला झोप आली आहे, पाहुणे काही मजेदार सांगतील म्हणून तो तसाच बसला आहे. पाहुणे जे बोलले ते बरोबर की चूक याचा तो विचारही करत नाही. निजताना इवान इवानिचच्या पाइपची राख जळकट वास सोडते आणि बुर्किनला झोप येत नाही. खिडकीवर पाऊस वाजत राहतो, कथा संपते. म्हणजे दृष्टान्त आहे, दार्ष्टान्तिक सांगायला एक माणूस उभाही राहिला, पण ते खोलीत कुणाला लागले नाही. सत्य बोलणारा माणूसही दुसऱ्याच्या चहावर आणि दुसऱ्याच्या मोलकरणीच्या कष्टावर बोलतो आहे. आम्ही चाळीस वर्षे नीतिशास्त्र शिकवले. बहुतेक तासांना आमचे ऐकणारे अल्योहिनसारखेच बसलेले असत, आणि चहा आणणाऱ्या शिपायाकडे आम्हीही कधी मान वर करून पाहिले नाही.

आता आमच्या मताला पडलेला तडा. गेल्या आठवड्यात आम्ही ही कथा मंडळातल्या एका गावकरी सभासदांना सांगितली. त्यांनी स्वतः दोन एकर विकले आहेत. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "सर, पण यात जमीन विकणारा कुठाय?" आम्ही निरुत्तर झालो. खरेच नाही तो. दलालामार्फत व्यवहार झाला, कर्जाचा बोजाही खरेदीदाराच्या नावे आला, एवढे एक वाक्य. विकणाऱ्याचे नावसुद्धा चेखोव देत नाही. टॉल्स्टॉयकडे निदान बाश्कीर टेकडीवर उभे आहेत. धावून धावून दमलेल्या पाखोमकडे पाहणारा त्यांचा मुखिया, त्याचे हसू, हे त्याने लिहिले आहे. हा गुण टॉल्स्टॉयचा, आम्ही मान्य करतो.

विकणारा चेखोवकडेही येतो, पण सहा वर्षांनी, 1904 च्या 'चेरीच्या बागे'त. तिथे रानेव्स्काया बाई विकणारी आहे. तिला लोपाखिन सल्ला देतो तो असा: बाग तोडा, प्लॉट पाडा, शहरातल्या लोकांना उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने द्या. कामशेतपासून पवनानगरपर्यंतच्या रस्त्यावरचे फलक वाचलेल्या माणसाला हे नाटक समजावून सांगावे लागणार नाही. शेवटी लोपाखिनच बाग विकत घेतो आणि त्याचे बापआजे त्याच इस्टेटीवर कूळ नव्हे, गुलाम होते. आपल्याकडे उलटे आहे. इथे कसणारा विकतो आणि कारकून घेतो. म्हणून ते नाटक इथे उलटे धरून वाचावे लागेल, आणि तसे ते टिकते का ते पाहायला आम्ही उत्सुक आहोत. 'वाडा चिरेबंदी' पाहिलेले काहीजण म्हणतील, हे आम्हाला ओळखीचे आहे. जरा थांबा. एलकुंचवारांच्या वाड्यात पडझड आहे, पण प्लॉट पाडणारा लोपाखिन नाही.

निकोलायच्या फाटकावरून एक आठवले. परवा लेण्यावर गेलो होतो. चैत्याच्या त्या उंच खांबांवर घोड्यांवर, हत्तींवर बसलेली जोडपी तुम्ही पाहिलीच आहेत. तिथल्या एका लेखात नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्यणक याचे नाव आहे. तोही बाहेरगावचा पैसेवाला. दोन हजार वर्षे त्याचे नाव दगडावर आहे, आणि त्यापुढचा शब्द 'दान' असा आहे. खाली उतरताना आमच्या वसाहतीतल्या फाटकांवरच्या पाट्या आम्ही मोजल्या. किती होत्या ते सांगत नाही, एक आमची होती.

तर आमचा प्रस्ताव असा. पुढच्या महिन्यात 'गूजबेरी', एकाच बैठकीत, मोठ्याने वाचून. तासाभराच्या आत होते, आणि पाऊस आहे तोवर व्हायला हवी, कारण ती कथाच पावसात भिजलेली आहे. तिच्या मागेपुढे त्याच वर्षीच्या दोन कथा आहेत, इवान इवानिच आणि बुर्किन त्या दोन्हींत आहेत, अल्योहिन मात्र फक्त पुढच्या कथेत. ज्यांना जमेल त्यांनी घरी वाचून याव्या. दिवाळीनंतर 'चेरीची बाग', पात्रे वाटून. ज्यांनी जमीन विकली आहे त्यांनी विकत घेणाऱ्याचे संवाद वाचावेत आणि आम्ही बंगलेवाल्यांनी रानेव्स्काया बाईंच्या घरातले, असे आम्ही सुचवतो. लोपाखिन कोण वाचणार यावर आत्ताच दोन हात वर झालेले दिसताहेत. टॉल्स्टॉयच्या बाजूचे कुणी बोलायचे असेल तर त्यांनी आधी बोलावे, आम्ही बसतो.