मोटारीचा धनी कोण?

जुन्या मोटारींविषयी लिहिणारे बहुधा स्मृतिरंजनात रमतात. त्यांच्या गोलाईचे कौतुक करावे, गेलेल्या काळासाठी सुस्कारा टाकावा आणि लेखणी खाली ठेवावी, अशी त्यांची रीत. परंतु सुस्काऱ्याने कोणताही वाद निकालात निघत नाही. जुन्या, साध्या मोटारीची बाजू न्याय्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र ती सौंदर्याच्या नव्हे, स्वामित्वाच्या आधारावर मांडली पाहिजे.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मूळ घडण इटलीच्या फियाट ११०० ह्या मोटारीची. चार सिलिंडरांचे १०८९ सीसीचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर बसविलेला गिअर आणि पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यात वारा आत घेणारी त्रिकोणी काच. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. पेट्रोल पंपाने कार्बोरेटरमध्ये येते, तेथे हवेत मिसळते, सिलिंडरात जाऊन प्लगच्या ठिणगीने पेटते. एवढा क्रम ज्याला कळला त्याला बिघाडही शोधता येई. गाडी सुरू होत नसेल तर आधी ठिणगी पाहावी, ठिणगी असेल तर पेट्रोल पोहोचते की नाही ते पाहावे. कार्यापासून कारणापर्यंत मागे जाण्याची वाट कोठेही अडत नसे. ह्या यंत्राची खरी सुबकता मला ह्यातच दिसते. म्हापशाच्या फिटरची विद्या बेळगावातही चाले, आणि एका गॅरेजवाल्याशी बिनसले तर मालक दुसऱ्याकडे जाई.

आजच्या मोटारीत ह्या वाटेवर पडदा पडला आहे. इंजिन, ब्रेक, दिवे, दारे ह्यांवर अनेक लहान संगणकांची देखरेख असते. दोष घडला की तक्त्यावर दिवा लागतो. तो दोष आहे एवढेच सांगतो, कोणता ते सांगत नाही. त्यासाठी निराळे तपासयंत्र हवे. कित्येक मोटारींत नवा भाग बसविला तरी कारखान्याच्या संगणकप्रणालीने त्याची ओळख पटविल्याशिवाय तो चालत नाही. येथे गुंतागुंत हा मुख्य आक्षेप नव्हे. त्या गुंतागुंतीची किल्ली विकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवली, हा खरा आक्षेप आहे.

आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात एक गर्भित हमी आहे: घेतलेल्या वस्तूचा ताबा आणि उपभोग खरेदीदाराला निर्वेधपणे मिळाला पाहिजे. ह्या तत्त्वाच्या उजेडात पुढील घटना पाहाव्यात. आपल्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. त्यावर पुढे अपिले झाली. पण तक्रार निराधार नव्हती एवढे त्या निकालाने दाखविले. २०२२ साली बी. एम. डब्ल्यू. कंपनीने काही देशांत आसन उबदार करण्याच्या सोयीसाठी मासिक शुल्क लावले. यंत्रणा गाडीत बसविलेली होतीच. ती वापरण्यासाठी मात्र वेगळे पैसे. लोकांनी नावे ठेवली आणि २०२३ मध्ये कंपनीने तो बेत सोडला. विकलेल्या वस्तूचे असे भाडे आकारणे म्हणजे घर विकून एका खोलीचे कुलूप स्वतःकडे ठेवणे होय.

आता पूर्वपक्षाचेही ऐकले पाहिजे, कारण तो दुबळा नाही. पद्मिनीचे ड्रम ब्रेक आजच्या वेगाला पुरे पडणारे नव्हते. धडकेत प्रवाशाला वाचविणारी हवेची पिशवी तिच्यात नव्हती. तिचा धूर शहराच्या फुप्फुसांत जाई. २०२० च्या एप्रिलपासून देशभर लागू झालेली भारत स्टेज सहाची मर्यादा कार्बोरेटरच्या मोटारीला पाळता येणे कठीण. वीस वर्षांची वयोमर्यादा भरून मुंबईच्या टॅक्सीतील शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, ह्याबद्दल शोक करावा पण तक्रार करू नये. जीव वाचविणारा संगणक मला मान्य आहे.

परंतु ब्रेकची चाके जखडू न देणारा संगणक वेगळा आणि साधा पंखा लावण्यासाठी चालकाची नजर रस्त्यावरून काचेच्या पडद्यावर खेचणारा संगणक वेगळा. पहिला चालकाचा सेवक आहे. दुसऱ्याने चालकालाच सेवक केले. जुन्या मोटारीचे बटण अंधारात बोटांना सापडे. युरोपातील मोटारींची सुरक्षितता जोखणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून पूर्ण पाच तारे मिळविण्यासाठी हॉर्न, वायपर, दिशादर्शक दिवे इत्यादी मोजक्या गोष्टींना हाताने चालणारी स्वतंत्र बटणे असावीत असे धोरण घेतले आहे. तेव्हा हा आग्रह केवळ म्हाताऱ्यांचा हट्ट नव्हे.

आपल्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि मोटारी तिच्या कक्षेत घेतल्या. त्या हक्काला कायद्याचे बळ मिळणे अगत्याचे आहे. तोवर नवी मोटार घेणाऱ्याने रंग आणि पडदा पाहण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: दुरुस्तीची माहिती पुस्तिकेत मिळेल काय? सुटे भाग खुल्या बाजारात मिळतील काय? माझ्या गावचा फिटर ही गाडी उघडू शकेल काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर आपण पूर्ण किंमत देऊन केवळ वहिवाट घेत आहोत, हे ओळखून मगच सही करावी.