वि. का. आणि वै. का. राजवाडे

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचें नांव निघालें कीं खानदेशांतल्या वाचकाला एकच राजवाडे आठवतात, आणि तें स्वाभाविक आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं धुळ्यासच निवर्तले, व पुढच्याच वर्षीं त्यांच्या स्मरणार्थ तें मंडळ निघालें. परंतु या मोठ्या छायेंत त्यांचे वडील बंधु वैजनाथ काशिनाथ यांचें स्वतंत्र कर्तृत्व झांकून जातें.

इंग्रजी आद्याक्षरांनीं तर दोघां भावांना एकच करून टाकलें आहे. दोघेहि ‘व्ही. के.’! देवनागरींत ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’ असे ते निराळे राहतात. स्पेनमध्यें मनुष्य बापाचें आणि आईचें अशीं दोन आडनांवें लावतो. लोर्का हा कवि गार्सिया या पैतृक आडनांवापेक्षां आईच्याच आडनांवानें जगाला ठाऊक आहे. पण सख्ख्या भावांच्या बाबतींत ही सोयहि व्यर्थ.

घोटाळा नुसत्या नांवाचा असता तर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. दोघांचाहि एक विषय व्युत्पत्ति! फर्ग्युसन महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणाऱ्या वैजनाथरावांनीं यास्काच्या निरुक्ताचें मराठी भाषांतर केलें, १९४० सालीं त्यावर इंग्रजी ग्रंथहि काढला, आणि यास्क ओढूनताणून धातु लावतो म्हणून त्याची मुळींच गय केली नाहीं. धाकट्या बंधूंचा मराठी धातुकोश त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं धुळ्याहून प्रसिद्ध झाला. मराठी शब्दाला संस्कृत मूळ चिकटविण्याची त्यांची हौस एवढी दांडगी, कीं कित्येक ठिकाणीं यास्कानेंहि संकोचावें. त्यांचें धाडस मला प्रिय आहे. तथापि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या २२ खंडांतील अस्सल कागदांची भक्कमता त्या व्युत्पत्तींना नाहीं. अशा दोघांना एक समजणें म्हणजे आरोपी आणि न्यायाधीश यांना एकाच खुर्चींत बसविणें होय.

एका आडनांवाखालीं एक वृत्ति नांदते हा समजहि पोकळच. आहिताग्नि शंकर रामचंद्र राजवाडे अग्निहोत्र सांभाळून नीत्शेवर मराठींत लिहीत. ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे यांना तर हें आडनांव विवाहानें मिळालें. राष्ट्रीय नियोजन समितीच्या स्त्रीविषयक उपसमितीच्या त्या अध्यक्ष होत्या.

जिज्ञासु वाचकानें आपल्या गांवच्या ग्रंथालयांत जाऊन, निरुक्त तेथील यादींत कोणत्या राजवाड्यांच्या नांवें चढविलें आहे, तें एकदां पाहून यावें.