पवित्रा पायांत असतो

‘आक्रमक पवित्रा घेतला’ हे आपण पेपरात रोज वाचतो. वाचून वाचून आपली समजूत अशी झालीय की पवित्रा म्हणजे छाती काढून एका जागी उभं राहणं. मर्दानी खेळात मात्र पवित्रा म्हणजे पायांची चाल. कोल्हापूरकडच्या आखाड्यांत आधी पवित्रा घोटवून घ्यायचा आणि मग हातात शस्त्र द्यायचं, ही जुनी रीत. आज आपण या पायांबद्दलच बोलू. पण आधी जरा जपानकडे बघू, कारण तलवारबाजीतल्या पायांचा विचार तिथे फार बारकाईने झालाय.

आजचा केंडो लाकडी, सपाट जमिनीवर खेळतात. उजवा पाय पुढे, डावा मागे, डावी टाच किंचित उचललेली. पाय घासत सरकायचं आणि वार करताना उजवा पाय जमिनीवर दणकन आपटायचा. या आपटण्याला फुमिकोमी म्हणतात. आता हीच चाल पावसाळ्यात माणच्या चिखलात करून बघा! घसरून पडाल. म्हणूनच जुन्या घराण्यांचे अभ्यासक म्हणतात, ही चाल रणांगणाची नाही, तालमीची आहे. मियामोतो मुसाशीने १६४५ च्या सुमारास ‘गोरिन नो शो’मध्ये नेमकं उलटं सांगितलंय: बोटं हलकी, टाच घट्ट, आणि चाल नेहमीच्या चालण्यासारखी. उडी मारणारा पाय, तरंगणारा पाय आणि रुतून बसलेला पाय, हे तिन्ही त्याला नापसंत.

मग केंडो खोटा ठरतो का? आम्हाला तसं वाटत नाही. समोरचा माणूसही वार करतोय, पाय चुकला की मार बसतो, या कसोटीवर ती चाल घडली आहे. जमीन बदलली, हत्यार बदललं, पाय बदलले. महत्त्वाचं म्हणजे केंडोवाल्यांनी जुनं टाकून दिलं नाही. १९१२ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या घराण्यांतून सामाईक ‘काता’ ठरवले. महायुद्धानंतर केंडोवर बंदी आली, १९५२ मध्ये अखिल जपान महासंघ उभा राहिला, तरी काता टिकले. त्यांत पाय आपटणं नाही, साधी पावलं आहेत. वरच्या श्रेणीच्या परीक्षेत ते करून दाखवावेच लागतात.

आता आपला दांडपट्टा घ्या. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोळीत असते, त्यामुळे मनगट जखडलेलं. मनगट वळत नाही, मग वार येतो कुठून? खांद्यातून, कमरेतून आणि शेवटी पायांतून. कटाना दोन हातांनी धरतात, म्हणून तिथली चाल बहुतेक सरळ रेषेत. पट्टा एका हाताचा आणि चारी बाजूंनी आलेल्यांना थोपवायचा, म्हणून आपली चाल गोलाकार, सतत वळणारी. पाय काढून घेतले तर पट्टा म्हणजे नुसतं फिरणारं पातं.

आणि आमची तक्रार नेमकी इथेच आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण काय बघतो? ढोल वाजतोय, पट्टा गरगर फिरतोय, लिंबू कापलं जातंय, मोबाइल वर झालेत. नजर सगळी हातावर. खाली पाय बघा: एक तर जागेवर रुतलेले, नाही तर उगाच उड्या मारणारे. मुसाशीला नको असलेले दोन पाय आपल्याकडे टाळ्या घेतात! पोरांचा यात दोष नाही. त्यांना सराव कुठे मिळतो? इथे हिंजवडीत म्हणाल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकवर, बूट घालून. जमीन बदलली हे मान्य. पण बदललेल्या जमिनीवर पाय घडवायला समोर कोणीतरी उभं लागतं, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या ते काम करत नाहीत.

ते काम फरी-गदका करू शकतो. एका हातात ढाल, दुसऱ्यात काठी, आणि समोर खरा प्रतिस्पर्धी. पाय चुकला की काठी बसते; समजवायला गुरुजी लागत नाहीत. पण मिरवणुकीत डाव दाखवायला वेळ नसतो, म्हणून तोच मागे पडतो.

२०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झाला. आनंदच आहे. मात्र हा मान शस्त्राला मिळाला, चालीला नाही. शस्त्र संग्रहालयात काचेमागे टिकतं. चाल टिकते ती फक्त एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जाऊन. तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आमचं एवढंच सांगणं आहे: पवित्र्याला वेगळे गुण ठेवा, आणि फरी-गदक्याचे डाव पुन्हा लावा. आणि तुम्ही प्रेक्षक म्हणून पुढच्या वेळी थोडा वेळ हाताकडे बघूच नका, खाली बघा.

प्रश्न असतील तर घेऊया.