भिडेचा अभिप्राय

मराठी ग्रंथव्यवहारांत 'अभिप्राय' या शब्दावर जितका अन्याय झाला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दावर झाला असेल. मनांतील आशय हा त्याचा मूळ अर्थ. परंतु जुन्या पुस्तकांतून थोरामोठ्यांच्या सह्यांनिशीं छापलेलीं प्रशस्तिपत्रें व मासिकांच्या अखेरच्या पानांवरील 'पोंच व अभिप्राय' हें सदर यांनीं त्यास शिष्टाचाराचा पोशाख चढविला. पुस्तक भेट आलें म्हणजे चार बरे शब्द लिहिणें भाग. भाषा सुबोध, छपाई सुबक, संग्रहीं ठेवण्याजोगें, एवढें म्हटलें कीं परीक्षक मोकळा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू करून निर्भीड टीकेचा पायंडा पाडला खरा. पण ती एका पंडिताची लेखणी होती. ज्याला लिहावयाचें नाहीं, केवळ वाचावयाचें आहे, अशा सामान्य वाचकाच्या मताची किंमत काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न आमच्यापुढें पुन्हा उभा राहिला तो मुळशी तालुक्यांतील भरे येथें. तेथें एका घरीं कांहीं कुटुंबें महिन्यांतून एकदां जमतात. एकच पुस्तक सर्वांनीं वाचावें असा नेम नाहीं; ज्यानें जें वाचलें असेल त्यानें तें आणावें व त्याविषयीं बोलावें, इतकाच शिरस्ता. त्यामुळें एकाच बैठकींत 'श्यामची आई' व 'बनगरवाडी', लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' व वीणा गवाणकरांचें 'एक होता कार्व्हर' हीं शेजारीशेजारी येऊन बसतात. शास्त्रीय समीक्षकास ही खिचडी वाटेल. पण घरच्या फळीवरहि पुस्तकें अशींच नांदतात, आणि वाचकाचें मन म्हणजे तरी अशी एक फळीच नव्हे काय?

या चर्चेंत पहिला दोष आढळतो तो एकमताचा. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या 'श्यामची आई'वर बोलतां बोलतां सर्वांचे डोळे पाणावले, आणि चर्चा तेथेंच संपली. डोळ्यांत पाणी येणें हा पुस्तकाचा गौरव आहे, पण तो अभिप्राय नव्हे. एका मुलीनें मात्र विचारलें, कीं यांत कर्जाची व जप्तीची जी गोष्ट आहे, ती कोणीच कशी आठवत नाहीं? त्या प्रश्नासरशी पुस्तक पुन्हा उघडावें लागलें. आईच्या वात्सल्याइतकेंच एका घराच्या हळूहळू होणाऱ्या पडझडीचेंहि तें चित्र आहे, हें कित्येकांस प्रथमच जाणवलें.

दुसरा दोष याच्या उलट. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'स (१९५५) एका सद्गृहस्थांनीं नापसंती दिली. कारण त्यांत कथानक म्हणून कांहीं घडतच नाहीं. ही तक्रार हंसण्यावारीं नेण्याजोगी नाहीं. आपल्या अपेक्षेला पुस्तक कोठें उतरलें नाहीं हें तींत स्पष्ट सांगितलें आहे. शेतकरी घरांतील एका बाईंनीं तिला उत्तर दिलें तें असें, कीं दुष्काळ पडतो आणि वस्ती उठते, याहून गांवांत आणखी काय घडावयाचें असतें? दोघांचीं मतें भिन्न राहिलीं. परंतु त्या पुस्तकाचा नायक मास्तर नसून वाडीच आहे, ही गोष्ट त्या भांडणांतूनच उजेडांत आली.

तिसरा दोष सर्वांत जुना. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालें, तेव्हां सुशिक्षित अविवाहित स्त्रियांचें मनोगत त्यांत ज्या धिटाईनें मांडलें होतें, तिच्याविषयीं बोलण्याऐवजीं 'विभावरी शिरूरकर' या नांवाआड कोण दडलें आहे, याचीच चौकशी अधिक झाली. तें नांव मालतीबाई बेडेकरांचें, हें आज सर्वश्रुत आहे. पुस्तक बाजूस सारून लेखकाचा झाडा घेणें ही खोड आमच्या वाचकवर्गास अजूनहि सोडीत नाहीं.

परंतु भरे येथें आम्हांस खरी अद्दल घडली ती राजेंद्र व्होरा यांच्या 'मुळशी सत्याग्रह' या १९९४ सालच्या ग्रंथामुळें. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं जो लढा चालविला, त्याचा हा इतिहास. भरे हें धरणाच्या खालच्या अंगास. तें बुडालें नाहीं. तथापि बुडालेल्या गांवांशीं ज्यांचें नातें आहे अशीं माणसें बैठकींत होतीं, आणि पुण्याच्या जुन्या जमीनदार घराण्यांशीं नातें सांगणारींहि होतीं. कसणारा मावळा जमीन सोडण्यास तयार नव्हता, आणि तिच्यावर मालकी असलेल्या पुणेकर सावकारांचा ओढा नुकसानभरपाईकडे होता, हें व्होरा मांडतात. पुस्तकाविषयीं बोलणें म्हणजे शेजारीं बसलेल्याच्या आजोबांविषयीं बोलणें होतें. बैठक स्तब्ध झाली. शेवटीं आमचें मत विचारण्यांत आलें, आणि आम्हीं 'अभ्यासपूर्ण ग्रंथ' असें म्हणून वेळ मारून नेली.

घरीं परततांना त्या शब्दाची आम्हांस लाज वाटली. 'पोंच व अभिप्राय' लिहिणाऱ्यांची आम्हीं इतकीं वर्षें थट्टा केली. प्रसंग येतांच आम्हींहि तेंच केलें. म्हणून जें तेथें बोलावयास हवें होतें तें येथें लिहितों. या ग्रंथाचें मोल तो सत्याग्रहाची आरती ओवाळीत नाहीं यांत आहे. परक्या सत्तेविरुद्ध व भांडवलाविरुद्ध लढतांना आपल्याच समाजांत हितसंबंधांची केवढी भेग होती, हें त्यानें झांकलें नाहीं. नायकाच्या कथेची अपेक्षा ठेवणाऱ्यास त्यांतील तपशील रुक्ष वाटेल. तो रुक्षपणा सत्याची किंमत आहे.

पुढील बैठकींत आम्हीं हेंच बोललों. त्यानंतर जमीनदार घराण्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं तो ग्रंथ वाचावयास मागून घेतला. त्यांचें मत काय होईल हें आम्हांस ठाऊक नाहीं. तें आमच्यासारखें असावें असाहि आग्रह नाहीं.

वाचकाकडून पांडित्याची अपेक्षा कोणी करीत नाहीं. पुस्तक आपल्याला कोठें लागलें, त्यांतील कशामुळें लागलें, आणि आपण कोठें उभे राहून तें वाचलें, हीं तीन उत्तरें त्यानें प्रामाणिकपणें दिलीं तर त्याचा अभिप्राय कोणाहि पंडिताच्या पंक्तीला बसेल. भीड पुस्तकाचें रक्षण करीत नाहीं. ती फक्त तें न वाचलेल्यासारखें करून ठेवते.