सांचिन: कणा ताठ करतो, वेळ शिकवत नाही

कराटेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात कानावर पडणारं वाक्य म्हणजे "मारताना श्वास सोड." वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. सोडायचा म्हणजे नक्की कधी? हात निघताना, वाटेत, की लागताना? आज हा प्रश्न मी सांचिन या कात्याला विचारणार आहे, कारण श्वासाचा विषय निघाला की आमच्याकडे सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, एकट्यानं करायची. सांचिनची मुळं दक्षिण चीनमध्ये, वाढ ओकिनावात. चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांनी आपल्या पद्धतीला गोजू-र्यू म्हटलं. गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मृदू. बुबिशी या जुन्या ग्रंथात कठोर-मृदूचं नातं थेट श्वास घेण्या-सोडण्याशी जोडलंय, आणि नाव तिथूनच आलंय. त्यामुळे गोजूवाल्यांसाठी सांचिन हा नुसता एक काता नाही, पायाच आहे.

करायचा कसा? पाय किंचित आत वळलेले, सगळं अंग आवळलेलं, मूठ अगदी सावकाश पुढे, आणि तिच्या बरोबरीनं घशातून घर्षणाचा आवाज करत लांब उच्छ्वास. शिक्षक खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर थापा मारून तपासतात. आमच्या वर्गात मी मोबाईलवर मोजलं: एक उच्छ्वास चार ते पाच सेकंद.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. घसा थोडा आवळून श्वास ढकलला की पोटाचे स्नायू काम करतात, पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आतून टेकू मिळतो. जमिनीवरून पायांनी उचललेलं बळ हातापर्यंत पोचायचं तर मधलं धड मऊ राहून चालत नाही. हे शरीराला समजावण्यासाठी सांचिनइतका चांगला धडा मला माहीत नाही.

पण वेळेचं काय? ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. उभ्या माणसाला झटकन हात हलवायला सांगायचं आणि श्वासपटल कधी आकसतं ते बघायचं. ते खांद्याच्या स्नायूच्या आधी, सुमारे २० मिलिसेकंद आधी आकसलं, आणि माणूस तेव्हा श्वास घेत होता की सोडत होता यानं फरक पडला नाही. म्हणजे धड सावरायला शरीर उच्छ्वासाची वाट बघत बसत नाही. "श्वास सोडला नाहीस तर ताकदच येणार नाही" हे जे आम्हाला सांगितलं जातं, ते इतकं सरळ नाही.

दुसरा पुरावा कॅनडातल्या स्टुअर्ट मॅक्गिल यांच्या गटाचा, २०१० मधला. त्यांनी मिश्र युद्धकलेतल्या अव्वल खेळाडूंच्या स्नायूंचे विद्युत संकेत नोंदवले. फटका मारताना अनेक स्नायूंमध्ये दोन शिखरं दिसली: एक सुरुवातीला, एक लागण्याच्या क्षणी. मधे दरी, म्हणजे स्नायू सैल. त्या सैलपणातच वेग येतो. हे खेळाडू कराटेचे नव्हते हे मान्य, पण वेगासाठी स्नायू सैल लागतो हा नियम दोजो बघून बदलत नाही.

आता सांचिनकडे परत बघा. त्यात दोन्ही शिखरं आहेत, दरी नाहीच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग आवळणं, आणि श्वासही तसाच सलग. वर्षानुवर्षं हे केलेला मुलगा कुमितेत, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत उतरतो तेव्हा बऱ्याचदा तेच करतो: हात निघतानाच श्वास ओततो, आणि ठोसा लागेपर्यंत तो संपलेला असतो. मीही हेच करायचो. सर म्हणायचे, "अजून सांचिन कर."

उएची-र्यूतला सांचिन बघितला की हा मुद्दा पटतो. तिथे हात उघडे असतात, बोटांचा भाला झटकन सुटतो आणि श्वास बराच शांत. नाव तेच, वेळेचं गणित वेगळं. म्हणजे संथ आवाजी श्वास हा सांचिनचा अटळ भाग नाही, एका परंपरेनं केलेली निवड आहे.

आणखी एक गोष्ट. हॉजेस यांच्याच गटानं २००१ साली दाखवलं की श्वासाची गरज वाढली की श्वासपटल धड सावरण्याचं काम कमी करतं. आधी जीव, मग ठोसा! लढतीच्या शेवटच्या मिनिटात धाप लागलेली असते तेव्हा नेमकं हेच होतं. सांचिन मात्र आपण ताजेतवाने असताना, जागच्या जागी सावकाश करतो. जिथे श्वास दगा देतो, तिथली तालीम त्यात नाही.

हे सगळं तात्त्विक वाटेल, पण आमच्या वर्गात पन्नाशीचे एक काका आहेत, बीपीची गोळी चालू. सांचिनमध्ये आवाज मोठा निघावा म्हणून ते घसा पूर्ण बंद करून कुंथतात. मागच्या महिन्यात उठून बाकावर बसले, डोळ्यांपुढे अंधारी. १९८५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात पायांनी जड वजन ढकलणाऱ्यांचा रक्तदाब धमनीतच मोजला होता: सरासरी ३२०/२५०. सांचिन म्हणजे तेवढं वजन नव्हे, पण सगळं अंग आवळून श्वास कोंडणं दोन्हीकडे आहे. काकांना "दम कमी पडतोय" असं सांगितलं गेलं. दम कमी नव्हता, घसा बंद होता.

म्हणून सांचिन सोडा असं मी म्हणत नाही. मी रोज करतो. पण आवाजावरून गुण देणं बंद करा, घसा किंचित उघडा ठेवा, बीपीवाल्यांना आवळायला लावू नका. आणि वेळ शिकायची तर धाप लागल्यावर पॅडवर ठोसे मारा: हात सैल सोडायचा, श्वास छोटा, आणि तो लागण्याच्या क्षणी तोडायचा. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग सरांना तू सांग." शनिवारी सांगणार आहे.