श्रोत्यांच्या रांगेतून

रॉक संगीत हा माझा प्रांत नव्हे. माझे कान मल्लिकार्जुन मन्सूरांवर वाढलेले. तरीही भाच्याने दिलेल्या काही ध्वनिमुद्रणांनी गेले वर्षभर मला धरून ठेवले आहे. ती कोणा कंपनीने केलेली नाहीत. कार्यक्रमाला बसलेल्या श्रोत्याने, बहुतेक वेळा चोरून, केलेली आहेत. असे संग्राहक जगभर पसरले आहेत आणि त्यांची स्वतःची एक समीक्षाही आहे. तिच्याविषयी थोडे लिहायचे आहे.

ही समीक्षा आधी पिढी विचारते. मूळ कॅसेटवरून घेतलेली प्रत पहिल्या पिढीची, तिच्यावरून घेतलेली दुसऱ्या. दर पिढीला खरखर वाढते, बारीक आवाज बोथट होतात. मग गती पाहतात. मुद्रणाच्या वेळी मोटर मंद चालली असेल, तर वाजवताना सारे चढ्या पट्टीत ऐकू येते. जुन्या मैफलींच्या टेपा ऐकणाऱ्या आपल्या रसिकांना हे दुखणे नवे नाही. काळी दोनचा गवई पांढरी तीनमध्ये गेलेला आपण सर्वांनीच ऐकला आहे. या चिकाटीला माझा नमस्कार. पण गुण देताना ही मंडळी स्वच्छतेलाच संगीत समजू लागतात, तिथे माझे त्यांच्याशी पटत नाही.

ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम घ्या. त्याचे गाजलेले मुद्रण बेटी कँटर-जॅक्सन या त्यांच्याच ध्वनितंत्रज्ञ बाईंनी केलेले. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते राष्ट्रीय ठेव्यात घेतले. त्यात गिटारची तार न् तार वेगळी ऐकू येते. त्याच रात्री श्रोत्यांतून घेतलेले मुद्रण धूसर आहे, पण तिथे सभागृह आहे, घुमारा आहे, लोक आहेत. पहिल्यात मला वादन कळले. दुसऱ्यात ते कोणासाठी चालले होते ते कळले. मी दुसरे अधिक वेळा ऐकतो.

आता चोरीचा प्रश्न. ग्रेटफुल डेडने १९८४ साली मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली. अट एकच, देवाणघेवाण करा, विकू नका. इतरांकडे असे औदार्य नव्हते. लॉस एंजेलिसचा माइक मिलर्ड चाकाच्या खुर्चीत नाकामिची यंत्र दडवून आत जाई. २१ जून १९७७ च्या लेड झेपेलिनच्या कार्यक्रमाचे त्याचे मुद्रण ऐकताना बॉनमचे ड्रम छातीवर येतात. इतके जिवंत तालवाद्य मी कंपन्यांच्या तबकड्यांवरही क्वचितच ऐकले. त्याच्या प्रतींवरून दुसऱ्यांनीच तबकड्या काढून विकल्या. मिलर्ड १९९४ साली वारला. मूळ टेपा त्याने नष्ट केल्या अशी वदंता होती, तीही खोटी निघाली. आणि २०२५ साली पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'ची पन्नाशी साजरी करताना त्याचेच २६ एप्रिल १९७५ चे चोरटे मुद्रण दुरुस्त करून अधिकृत संचात घातले गेले! कलावंताच्या परवानगीचा मुद्दा मी हलका मानत नाही. शाळेत मी नकलेला शिक्षा करतो. पण विकणारा आणि जपणारा यांना एकाच बाकावर बसवणे मला जमणार नाही.

माझ्याजवळही एक कॅसेट आहे, आमच्या गावातल्या गणेशोत्सवातल्या मैफलीची. ऐन तानेत मागच्या रांगेतून कोणी कानडीत विचारतो, "याव राग?" आणि दुसरा त्याला मराठीत गप्प करतो. भाचा ती संगणकावर घेत होता. म्हणाला, "मामा, एवढं पुसून टाकू?"

मी नको म्हटले.